नमुना ताजा आणावा

तबेला आणि किस्से यांचं सारखंच आहे. सकाळी झाडून कितीही लख्ख करा, संध्याकाळपर्यंत ढीग तयार! मी आता झाडायचं सोडून दिलंय. तेव्हा तुम्हीही जरा सरकून बसा आणि ऐका.

मी सोलापुरात जनावरांची डॉक्टर आहे. गाई-म्हशी सगळेच बघतात, माझ्याकडे घोडे जास्त. वरातीच्या घोड्या, जत्रेत नाचणारे घोडे, कुणी हौसेखातर पाळलेले घोडे. आणि घोड्यांच्या पोटातले जंत हा माझा खास विषय. ओळख करून देताना माझा नवरा 'ही डॉक्टर' एवढंच सांगतो. पुढे कुणी 'कशाच्या?' म्हणून विचारलं, की तो पाणी आणायला आत जातो.

काम तसं साधं आहे. घोड्याची लीद मिठाच्या दाट पाण्यात कालवायची, गाळायची, थेंबभर काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली धरायची. जंतांची अंडी असली तर वर तरंगतात, ती मोजायची. जास्त असली तर औषध, नसली तर नाही. उगाच येता-जाता औषध पाजलं की जंत निर्ढावतात आणि मग त्यांना कशाचंच काही वाटत नाही. हे मी प्रत्येक घोडेवाल्याला समजावते. प्रत्येक घोडेवाला मान डोलावतो, आणि घरी जाऊन येता-जाता औषध पाजतो.

अट एकच. लीद ताजी हवी. म्हणून मी दवाखान्याच्या दारावर पाटी लावली : 'नमुना ताजा आणावा.' याहून सोपं मराठी मला तरी येत नाही.

पाटी लागली त्याच दिवशी माझ्या मदतनीसाची, मल्लप्पाची बायको दारात आली. मल्लप्पा अक्कलकोटकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. सकाळी डबा घरी विसरून, चष्मा बायकोचा घालून आला होता. तिने पाटी वाचली, नवऱ्याला खांद्याला धरून माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "हा घ्या मॅडम. आमच्या घरात एकच आहे, पण ताजा नाही, जुना आहे!"

*

सांगोल्याचे बापू म्हणजे मेंढरं, डाळिंबाची बाग आणि सरदार नावाचा एक काळाभोर घोडा. त्यांनी फोनवर विचारलं, "मॅडम, ताजा म्हंजे किती ताजा?"

मी म्हटलं, "जितका ताजा तितका चांगला."

दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो! टेम्पोत सरदार, सरदारशेजारी बापू, बापूंच्या हातात रिकामं घमेलं.

"अहो बापू, घोडा कशाला आणलात?"

"हितंच टाकंल की! ह्याच्यापरीस ताजा आनि कुटं मिळायचा?"

सरदार काही टाकेना. मल्लप्पाने पाणी पाजलं, हरभरे चारले. गल्लीतली माणसं गोळा झाली. कुणी शीळ घाल म्हणे, कुणी पोटाला तेल लाव म्हणे. समोरच्या इस्त्रीवाल्याने तर 'मी करून दाखवू का?' एवढंच विचारायचं ठेवलं. सरदार मान खाली घालून उभा. दुपार झाली तसे बापू हळूच माझ्या कानाशी आले. "लाजतंय वो. खेड्यातलं हाय, एवढ्या मान्सांत सवय न्हाय त्याला."

शेवटी टेम्पो परत निघाला. मी हात धुवून चहाचा कप उचलला, तोच फोन वाजला. "मॅडम, आलं! सिग्नलला आलं! पळा!"

आम्ही पळालो. पुढे मी, मागे चमचा आणि पिशवी घेऊन मल्लप्पा. चौकातल्या पोलिसाने आमचा अवतार बघितला आणि काहीतरी भयंकर घडलंय असं समजून चारी बाजूंची वाहनं थांबवली.

"काय झालंय?" त्याने ओरडून विचारलं.

मल्लप्पा धापा टाकत म्हणाला, "साहेब, कुणाला सोडू नका! नमुना गरम आहे!"

सरदारच्या पोटात एकही अंडं निघालं नाही. चौक मात्र बराच वेळ तुंबला होता.

*

माझी बदनामी झाली ती एका लग्नात. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मित्राच्या मुलाचं लग्न. वरातीला एक तांबडी घोडी होती आणि तिचा मालक गेले कित्येक महिने मला नमुना आणून देत नव्हता. 'उद्या देतो' म्हणायचा आणि दिसेनासा व्हायचा. आता तो लगाम धरून माझ्यासमोर उभा, पळणार कुठे? घोडीनेही नेमकी मंगल कार्यालयाच्या दारात शेपूट उचलली.

माझ्या पर्समध्ये लिपस्टिक नसते, हातमोजा असतो. मी पैठणी खोचली, पुढे झाले, मधला स्वच्छ गोळा उचलून पिशवीत घातला, गाठ मारली आणि वर बघितलं तर बँड बंद पडलेला. सगळी वरात माझ्याकडे बघत होती. नवरा पाणी आणायला गेला होता.

तेवढ्यात मुलाकडची एक आत्याबाई हात जोडून म्हणाली, "दृष्ट काढली का हो? किती शांतपणे काढलीत!"

आता काय सांगणार? मी म्हटलं, "हो."

एवढी एक चूक माझी. त्या लग्नाचा व्हिडिओ गावभर फिरला. पुढच्याच आठवड्यात एका बाईचा फोन आला. "आमच्याकडे पण वरातीला घोडी आहे. ते लीद उचलायचं तुम्ही मुहूर्ताच्या आधी करता की नंतर?"

मी म्हटलं, "अहो, ते घोडीवर असतं."

"बरं बरं," त्या म्हणाल्या, "भटजींशी बोलून घेते."

*

आता रज्जाकभाई. पांढरीशुभ्र चांदणी त्यांची. शिंगरू असल्यापासून वाढवलेली. मुली लग्न होऊन गेल्या, बायको गेली, घरात उरली ती ही घोडी. कमाई पण तिचीच आणि बोलायला पण तीच. वरातीत ती अशी चालायची की नवरदेवाकडे कुणी बघायचंच नाही.

ती चांदणी वाळायला लागली. बरगड्या दिसायला लागल्या, पोट खाली सुटलं, अंगावरची चमक गेली. मी लांबून बघूनच म्हटलं, जंत. पण रज्जाकभाईंनी आणलेला नमुना तपासला तर स्वच्छ! एकही अंडं नाही. पुन्हा मागवला. पुन्हा स्वच्छ.

स्वतः हाताने नमुना काढायला मी मागून गेले होते. पण चांदणी पुढून जितकी देवी तितकी मागून तोफ. माझी औषधांची पेटी तिने शेजारच्या अंगणात पोचवली. तेव्हापासून रज्जाकभाई आणतील तोच नमुना.

एकदा ते रविवारी घरी देऊन गेले. शेंगा चटणीच्या रिकाम्या बरणीत! मी बरणी फ्रिजमध्ये अगदी खाली, मागे ठेवली. सोमवारी बघते तर बरणी नाही. सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, काल मावशी पुण्याला निघाल्या ना, रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? दिली चटणी."

मी कपाळाला हात लावेपर्यंत पुण्याहून फोन आला. सासूबाईंनी स्पीकर लावला. "चटणी पोचली बरं का. अजून खाल्ली नाही, पण वास गवतासारखा येतोय. लसूण घातला नाहीस का?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, बरणीच्या जागेकडे बघितलं, आणि त्यांना सगळं कळलं. पण हार मानतील तर त्या सासूबाई कसल्या! "यंदाची सेंद्रिय आहे," त्या म्हणाल्या. "शोभेला ठेव, खाऊ नको."

*

चांदणी वाळतच होती. दात बघितले, रक्त बघितलं, खुराक बदलला. काही उपयोग नाही. त्यात एक दिवस तिच्या पुढच्या पायांच्या केसांवर बारीक पिवळे ठिपके दिसले. घोड्याच्या पायावर एक माशी अशीच पिवळी अंडी घालते, घोडा पाय चाटतो, अंडी पोटात जातात. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं! मी तबेल्यातल्या सगळ्यांना गोळा करून त्या माशीवर भाषण दिलं. रज्जाकभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मी ब्लेडने ठिपके खरवडले, दवाखान्यात आणले आणि काचेखाली धरले.

मल्लप्पाने माझ्या आधी डोकावून बघितलं. "मॅडम, ही माशी लई श्रीमंत दिसते."

चमकी होती. सोनेरी चमकी! मागच्या वरातीत नवरदेवाच्या शेरवानीची गळालेली.

त्या दिवशी रज्जाकभाई पहिल्यांदा मनातलं बोलले, "मॅडम, बार्शी के एक शेठ हैं. चांदणी कू मांगते. तुलसी का लगन हुआ की सीझन चालू. तब तक ये उठी नही तो देना पडेगा. भूखी तो नही मरेगी उनके पास."

एवढं बोलून ते चांदणीच्या आयाळीतली चमकी वेचत बसले. मला त्या माणसाकडे बघवेना. माझा सगळा अभ्यास एका घोडीच्या शेणापुढे, सॉरी, लिदीपुढे गुडघे टेकून बसला होता.

*

पुढचा नमुना आला. मी तो कालवताना चमच्याला काहीतरी कडक लागलं. उचलून धुतलं. डाळिंबाचा दाणा! मग दुसरा, मग तिसरा.

मी रज्जाकभाईंना म्हटलं, "चांदणीला डाळिंबं घालता?"

"नक्को जी! डाळिंब कायकू? कडबा खाती, चना खाती."

"मग हे काय आहे?"

रज्जाकभाई रुमालाची घडी घालायला लागले. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. सांगोल्याच्या बापूंनी सरदारचा लाजरेपणा घालवायला त्याला रज्जाकभाईंच्या तबेल्यात आणून ठेवला होता. माणसांची सवय व्हावी, पुढे वरातीत चालावा म्हणून. आणि बागेतली फुटकी डाळिंबं ते सरदारसाठी पोत्याने पाठवायचे.

"रज्जाकभाई, ही लीद सरदारची आहे?"

"हौ," ते खाली बघून म्हणाले.

"आणि आधीच्या?"

"वो भी."

"अहो पण का?"

"मॅडम, चांदणी की लीद पतली आती. बास मारती. तुमी एवढी शिकेली बाई, तुमच्या टेबलावर असलं काय ठेवायचं? सरदार की देखो, गोल गोल, लड्डू के माफिक! शरम लगती जी मेरे कू. अच्छेवालीच लेके आया मैं हर बार."

पाहुण्यांकडे जाताना माणूस चांगलीच मिठाई घेऊन जातो, हे मला कळायला हवं होतं.

बापूंना हे कळलं तेव्हा ते फोनवर खूष झाले. "म्हंजे आमचा सरदार समद्या परीक्षांत पास झाला व्हय! मॅडम, एक सर्टिफिकेट द्या की."

*

खऱ्या चांदणीचा खरा नमुना आला. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि तसाच काढून घेतला. नुसती अंडी! जत्रेत माणूस मावत नाही तशी.

पण आता दुसरी भीती. मी विचारलं, "औषध कधी दिलं होतं का?"

"देता ना! दुकान से लाके. हर महिने."

"किती?"

"वजन के हिसाब से. मैं बोला, डेढसौ किलो."

चांदणी दीडशे किलोची? मी तिच्या छातीभोवती वजनाची टेप गुंडाळली. सव्वातीनशे! म्हणजे हा माणूस दर महिन्याला तिला अर्धंमुर्धं औषध देत होता. जंत मरत नव्हते, नुसते चव घेऊन तरबेज होत होते. आता पूर्ण डोस दिला तरी त्यांना तो लागू पडेल की नाही, देव जाणे.

"रज्जाकभाई, सव्वातीनशे किलोची घोडी तुम्ही दीडशेची का सांगितलीत?"

त्यांनी चांदणीच्या कानावर हात ठेवला आणि आवाज खाली केला. "लेडीज हैं मॅडम. दुकान में सबके सामने कैसा बोलना?"

मी पूर्ण डोसाची पेस्ट स्वतः तिच्या जिभेवर मागे दाबली आणि ती गिळेपर्यंत हनुवटी वर धरून उभी राहिले. आता दोन आठवडे थांबायचं आणि पुन्हा नमुना बघायचा. अंडी गेली तर चांदणी वाचली. तितकीच राहिली तर माझ्या हातात काही नाही. शेठचा निरोप तर आला होता, सीझनच्या पहिल्या वरातीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो घेऊन येतो म्हणून.

"इस बार का नमुना," रज्जाकभाई म्हणाले, "पाचशे गवाह के सामने देता. फिर कोई बोलेगा नही की सरदार का हैं."

*

दोन आठवड्यांनी पहिली वरात. मला मुलीकडून खास आमंत्रण, 'विधीसाठी' म्हणून! चांदणी अजून बारीक होती, पण मान वर होती. शेजारी, घोळक्याची सवय व्हावी म्हणून सरदारही आणला होता. तो लाजून एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या मागे लपायला बघत होता.

कार्यालयाच्या दाराशी चांदणी थांबली. रज्जाकभाईंनी बँडवाल्याच्या हातातला माइक हिसकावला आणि त्यांचा आवाज सगळ्या रस्त्यावर घुमला, "मॅडम! ताजा हैं!"

मी हातमोजा चढवून पुढे झाले. पिशवीला गाठ मारते न मारते तोच एका बाईने तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. नवरदेवाची आत्या म्हणाली, "पिशवी धरायचा मान आमचा. घोडी वरपक्षाची आहे!"

नवरीची मामी म्हणाली, "दार आमचं आहे! दारात पडलंय ते आमचं!"

आत्या रुसून खुर्चीवर बसली. मामीने पिशवी धरली. आत्याच्या यजमानांनी ती काढून घेतली. भटजी घड्याळ दाखवत होते. नवरदेव घोडीवर बसून घामाघूम, त्याला खाली उतरा म्हणायला कुणाला वेळ नव्हता. शेवटी नवरीची आई पुढे आली. शांत, करारी बाई. तिने पिशवी घेतली आणि माझ्या हातात दिली. "मॅडम, नीट तपासा. घाईत काही ठरवायला नको. उद्या सकाळी मी फोन करते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात शेठचा टेम्पो, टेम्पोच्या मागे चांदणी बांधलेली. आत शेठ, मल्लप्पा आणि रज्जाकभाई. रज्जाकभाई बसायला तयार नव्हते. मी काचेखाली बघायला लागले. मोजायला आखलेली एक चौकट, दुसरी चौकट, सगळी काच. पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात फोन वाजला. माझ्या दोन्ही हातांत मोजे, म्हणून मल्लप्पाने स्पीकर लावला. नवरीची आई.

"मॅडम, कालचा नमुना कसा निघाला?"

मी काचेवरचा डोळा काढला. "चांगला निघाला. एकदम चांगला! पोटात काही नाही."

रज्जाकभाई दाराबाहेर गेले. खिडकीतून दिसलं, त्यांनी चांदणीच्या मानेत तोंड खुपसलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते. मग ते तसेच वळले, दोर सोडला आणि आत बघून म्हणाले, "शेठ, चाय पिके जाव. घोडी घर की हैं."

फोन अजून चालूच होता.

"नक्की ना हो?" बाई विचारत होत्या. "आम्ही रात्रभर काळजीत होतो. बाहेरून चांगलाच दिसतो, पण आतलं कुणाला कळतं?"

"नक्की," मी डोळे पुसत म्हटलं. "काही घाबरू नका. फक्त दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासत राहायचं."

"हो हो," त्या म्हणाल्या, "ते मी मुलीला काल पाठवणीच्या वेळीच सांगितलंय!"